कुलपापेक्षा नोंदवही मोलाची: एका आरोग्यनोंद ॲपचे आठ महिने

‘आपली माहिती, आपल्याच ताब्यात’ असे वचन देणारे एक आरोग्यनोंद ॲप मी गेले आठ महिने वापरत आहे; पहिले दोन महिने केवळ स्वतःसाठी आणि त्यानंतर माझ्या वडिलांसाठीही. मला मधुमेह आहे, वडिलांचे हृदयाचे दुखणे जुने आहे, आणि आम्हा दोघांचे मिळून पाच डॉक्टर, दोन रुग्णालये आणि तीन प्रयोगशाळा असा पसारा झाला असल्यामुळे, कागदांची पिशवी घेऊन फिरण्यापेक्षा काही बरे साधन मिळते का हे पाहावे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या एकट्या त्याच्या नाहीत. या जातीची आणखी दोन ॲपे मी थोडे थोडे दिवस वापरून पाहिली आणि बहुतेक ठिकाणी गाडे त्याच दगडांना अडते, असे दिसले.

‘ताबा’ हा शब्द मुळात फसवा आहे. घराचा ताबा मिळाला म्हणजे आधी राहणारा बाहेर पडला, असे आपण समजतो. आरोग्याच्या माहितीच्या बाबतीत रुग्णालयाची प्रत रुग्णालयात आणि प्रयोगशाळेची प्रयोगशाळेत राहतेच; आपल्या हाती येते ती आणखी एक प्रत. म्हणून ॲपची पारख करताना मी प्रश्न वेगळा धरला: माझी माहिती कुणाकडे, कधी आणि किती जावी हे मला ठरविता येते का, आणि ठरवून झाल्यावर पुढेही ते मला कळत राहते का? जाहिराती पहिल्या अर्ध्या प्रश्नाबद्दल भरभरून बोलतात. खरी कसोटी दुसऱ्या अर्ध्याची आहे, हे मला सुमारे चौथ्या महिन्यात उमगले.

पहिल्याच दिवशी ॲपने बारा शब्द दाखविले आणि ते कागदावर उतरवून घ्या, त्यांचे छायाचित्र काढू नका, असे बजावले. या शब्दांतून सांकेतिक चावी तयार होते. नोंदी फोनमध्येच कुलूपबंद होऊन मग कंपनीच्या सर्व्हरवर जातात, त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्यालाही त्या वाचता येत नाहीत. ही रचना उत्तम आहे, पण तिची दुसरी बाजू घाईघाईत ‘पुढे’ हे बटण दाबणाऱ्याच्या लक्षात येत नाही: चावी हरवली तर ती परत देणारे कुणीही नाही, कारण ती दुसऱ्या कुणाकडे नाही हेच तर या व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे. यावर ॲपने एक चांगला तोडगा ठेवला आहे. चावीचे पाच वाटे करून ते पाच विश्वासू माणसांकडे द्यायचे. कोणतेही तीन वाटे एकत्र आले की चावी पुन्हा घडते, पण दोनच वाट्यांतून काहीएक हाती लागत नाही. सांकेतिक लेखनशास्त्राचे तज्ज्ञ अदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही गणिती युक्ती घरगुती वापरात इतक्या सहजपणे आलेली पाहून मला कौतुक वाटले. कौतुक फार टिकले नाही, कारण माझ्या धाकट्या भावाने त्याच्याकडे आलेला वाटा फसवणुकीचा मेसेज समजून पुसून टाकला आणि हे मला तीन आठवड्यांनी, तेही बोलण्याच्या ओघात, समजले. वाटा अजून शाबूत आहे का, हे अधूनमधून तपासण्याची सोय ॲपमध्ये असायला हवी होती, ती नाही.

वडिलांचे खाते मी ‘काळजीवाहक’ म्हणून सांभाळते. नोंदी पाहणे, त्या इतरांना दाखविणे आणि पुसणे हे तीन अधिकार येथे स्वतंत्रपणे द्यावे लागतात, ही बाब मनापासून आवडली. वडिलांनी मला पहिले दोन दिले, तिसरा दिला नाही. ‘पुसायचे असेल तेव्हा मला विचार,’ असे ते म्हणाले, आणि संमती म्हणजे काय हे या स्क्रीनच्या रचनाकारांइतकेच त्यांनाही कळते, याची मला गंमत वाटली. मात्र प्रत्येक संमतीसाठी येणारा सहा अंकी संकेतांक त्यांच्या फोनवर येतो आणि त्यांचा फोन बहुतेक वेळा माझ्याच हातात असतो. कागदोपत्री संमती त्यांची, बोट माझे. या अडचणीवर तंत्रज्ञानाकडे सोपा उपाय असेल असे मला वाटत नाही, पण एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीचा मदतपुस्तिकेत एका ओळीनेही उल्लेख नसावा, हे खटकते.

नोंदी आत आणण्याचा भाग संमिश्र आहे. जेथे रुग्णालयाची किंवा प्रयोगशाळेची संगणकप्रणाली ‘फायर’ हे माहितीच्या देवाणघेवाणीचे मानक पाळते, तेथे काम विनासायास होते: एकदा परवानगी दिली की तपासण्या, औषधे, ॲलर्जी, लसीकरण अशा वेगवेगळ्या खणांत माहिती आपोआप येऊन बसते. आमच्या दोनपैकी एका रुग्णालयाने मात्र डिस्चार्जचा अहवाल म्हणून कागदाचे वाकडे टिपलेले छायाचित्र पाठविले. ते ॲपमध्ये साठविता येते, पण त्यातील औषधांची नावे शोधता येत नाहीत आणि ते अर्धवट दाखविताही येत नाही. एक तर पूर्ण पान दाखवा, नाही तर काहीच नको. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमावलीने २०१८ पासून आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मागण्याचा हक्क दिला आहे, आणि अमेरिकेतही २०२१ पासून रुग्णाची इलेक्ट्रॉनिक माहिती विनाकारण अडवून ठेवण्यास मनाई करणारा नियम लागू आहे. या दोन्ही तरतुदी अशा छायाचित्रांच्या विरोधातच आहेत, असे म्हणता येईल. हक्क मिळाला तरी माहितीचे रूप चुकले की ताबा अर्धाच राहतो.

रूप बरोबर असूनही घोटाळा कसा होतो, याचा एक नमुना सांगण्याजोगा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी माझी एक प्रयोगशाळा टक्क्यांत देते आणि दुसरी मिलिमोल प्रति मोल या एककात. सात टक्के आणि ५३ मिलिमोल प्रति मोल हे एकच मूल्य आहे. ॲपने एककाकडे न पाहता दोन्ही आकडे एकाच आलेखावर मांडले, त्यामुळे सपाट चाललेली रेषा एकाएकी सुळक्यासारखी वर गेली आणि सकाळी साडेसहाला मला लाल रंगातली धोक्याची सूचना आली. मला एकके ठाऊक होती म्हणून मी हसले. ज्याला ती ठाऊक नाहीत, तो त्या सकाळी काय करील याची कल्पनाच करवत नाही. तक्रार केल्यावर पाच आठवड्यांनी दुरुस्ती झाली, हे नमूद केले पाहिजे. मनगटी घड्याळातून येणारी पावले, झोप आणि नाडी यांचाही एक कप्पा आहे. तो मी बंद करून ठेवला आहे आणि त्याने माझे काही अडलेले नाही.

आता नोंदी दुसऱ्याला दाखविण्याबद्दल, कारण ॲपची सगळी शान येथेच आहे. कोणते खण, कुणाला, किती काळ हे निवडले की एक क्यूआर कोड तयार होतो. समोरच्या डॉक्टरांनी तो टिपला की त्यांच्या पडद्यावर तेवढ्याच नोंदी उमटतात आणि मुदत संपली की दार आपोआप बंद होते. पाचव्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी गेले, तेव्हा मी मोठ्या हौसेने ‘मधुमेह’ आणि ‘तपासण्या’ एवढेच खण तासाभरासाठी उघडले आणि ‘मानसोपचार’ हा खण बंद ठेवला. काही वर्षांपूर्वी मला नैराश्यावर औषध सुरू झाले होते आणि ते अजून चालू आहे. नेत्रतज्ज्ञांना त्याच्याशी काय करायचे, असा माझा विचार होता. प्रत्यक्षात दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की ते औषध त्यांना दिसलेच, कारण गेली दोन वर्षे ते माझे नेहमीचे डॉक्टर लिहून देत आहेत, त्यामुळे ॲपने ते ‘मानसोपचार’ऐवजी ‘सर्वसाधारण’ या खणात टाकले होते आणि त्या खणातील औषधांची यादी मधुमेहाच्या खणासोबत आपोआप उघडते. ॲप नोंद कुणी लिहिली यावरून खण ठरविते, नोंदीत काय आहे यावरून नाही. ही बारीक गोष्ट पूर्वदृश्य उघडून पाहिले असते तर मला आधी कळली असती, परंतु पूर्वदृश्याचे बटण तीन पायऱ्या आत दडविलेले आहे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी होती. नेत्रतज्ज्ञांनी ते नाव पाहताच माझ्या डोळ्यांच्या आतील कोनाची तपासणी वाढविली, कारण नैराश्यावरील काही औषधांनी बाहुली विस्फारते आणि कोन अरुंद असेल तर डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. सुदैवाने माझे कोन ठीक निघाले. म्हणजे जी माहिती मी झाकू पाहिली होती, ती नेमकी ज्यांना हवी अशा डॉक्टरांपासूनच झाकत होते, आणि कोन अरुंद असते, तर झाकण्यात अपयश आले म्हणूनच मी वाचले असते! आपल्या आजाराचे कोणते टोक दुसऱ्या कोणत्या आजाराशी जोडलेले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. बटणे रुग्णाच्या हाती देणे ठीक आहे. पण अमुक खण बंद करताना तमुक तज्ज्ञाला त्याची गरज भासू शकते, एवढे सांगणारी एक साधी ओळ जरी ॲपने दाखविली असती, तरी निर्णय माझाच राहिला असता आणि तो डोळसपणे झाला असता. काही नोंदी रुग्णाने झाकल्या आहेत अशी सूचना डॉक्टरांना दिसावी की नाही, यावर मतभेद आहेत. हे ॲप ती दाखवीत नाही. सूचना दिसली की ‘काय लपवीत आहात?’ हा प्रश्न येणार, म्हणून काहींना ती नको असते. या अनुभवानंतर मी मात्र ती असावी या बाजूची झाले आहे.

याच्या उलट, आणीबाणीचे कार्ड अतिशय नेटके आहे. वडिलांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे आणि रक्त पातळ करणारे औषध चालू आहे. एवढी माहिती फोनचे कुलूप न उघडताही दिसते, आणि कुणी ती उघडली की मला तत्काळ संदेश येतो.

आणि त्या संदेशामागे जी नोंदवही आहे, तीच माझ्या मते या ॲपची सर्वांत मोलाची वस्तू आहे. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी, कोणती नोंद, कोणत्या कारणासाठी पाहिली, हे तेथे ओळीने लिहिलेले असते. पहिले काही आठवडे मी ती उघडलीसुद्धा नाही. चौथ्या महिन्यात एका रात्री झोप येत नव्हती म्हणून सहज चाळायला घेतली, तर आदल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ‘प्रणाली वापरकर्ता ४’ नावाच्या कुणीतरी माझ्या ११२ नोंदी वाचल्याचे दिसले. कारणाच्या रकान्यात ‘इतर’ एवढाच शब्द होता. उरलेली रात्र कशी गेली हे सांगायला नको. तीन दिवसांनी मदत विभागाचे उत्तर आले: माझ्या एका प्रयोगशाळेची संगणकप्रणाली रोज रात्री जुन्या-नव्या नोंदींचा मेळ घालते, तीच ही. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे, परंतु नोंदवहीचा उपयोग जाब विचारण्यासाठी असेल, तर तिच्यात माणसाचे किंवा निदान संस्थेचे नाव आणि खरे कारण हवे. एस्टोनियामध्ये देशाची आरोग्यमाहिती यंत्रणा २००८ पासून चालू आहे आणि तेथील नागरिकाला आपल्या नोंदी कुणी उघडल्या हे संकेतस्थळावर पाहता येते. विनाकारण डोकावणाऱ्याला त्यामुळे जाब विचारता येतो. या ॲपमध्ये ‘प्रणाली वापरकर्ता ४’ला विचारणार काय?

जाहिरातीत ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र जपलेल्या नोंदींच्या साखळीचा, गजर मोठा आहे, म्हणून त्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते. आपले अहवाल ब्लॉकचेनमध्ये ठेवलेले असतात, असा समज या जाहिरातीमुळे होतो. तो चुकीचा आहे, आणि तसे नसणे हेच बरे. तेथे ठेवला जातो तो प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा. मूळ नोंदीतले एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो, त्यामुळे मागाहून कुणी फेरफार केला तर तो पकडला जातो. ठशावरून मूळ मजकूर मात्र काढता येत नाही. एमआयटी या अमेरिकेतील संस्थेत २०१६ मध्ये मांडला गेलेला मेडरेक हा प्रयोग याच वाटेने गेला: नोंदी रुग्णालयांकडेच राहिल्या आणि साखळीवर फक्त कुणाला काय पाहण्याची परवानगी आहे याचा हिशोब ठेवला गेला. एस्टोनियातही ठशांच्या तंत्राचा उपयोग नोंदी आणि त्यांच्या वापराच्या नोंदवह्या अबाधित राहाव्यात यासाठी होतो. शिवाय जे साखळीवर एकदा लिहिले ते पुसता येत नाही, आणि युरोपीय नियमावली तर माणसाला आपली माहिती काही परिस्थितींत पुसून मागण्याचा हक्क देते. तेव्हा प्रत्यक्ष माहिती तेथे ठेवणे हा त्या हक्काशी उघड विरोध ठरेल. म्हणजे या तंत्राचे काम पहारेकऱ्याचे नाही, साक्षीदाराचे आहे. नोंदवहीत कुणी खाडाखोड केलेली नाही, याची साक्ष ते देते. नोंद पाहणाऱ्याने तिची प्रत काढून घेतली, तर ते काही करू शकत नाही.

ही प्रत काढण्याची गोष्ट मला संमती परत घेताना कळली. एका दवाखान्यात मी जाणे बंद केले आणि त्यांना दिलेली परवानगी ॲपमधून रद्द केली. ‘प्रवेश थांबविला’ असा हिरवा शिक्का आला. पुढे एका किरकोळ कामासाठी तेथे फोन केला, तर समोरच्या व्यक्तीने माझा दीड वर्षापूर्वीचा अहवाल वाचून दाखविला. यात त्यांची चूक काहीच नव्हती. डॉक्टरांनी ज्या माहितीच्या आधारे उपचार केले ती आपल्याकडे जपून ठेवणे हे त्यांच्या जबाबदारीचाच भाग आहे. चूक त्या हिरव्या शिक्क्याची आहे. ‘यापुढे नवीन नोंदी दिसणार नाहीत, याआधी पाहिलेल्या ४३ नोंदींची प्रत त्यांच्याकडे असू शकते,’ असे खरेखुरे वाक्य तेथे लिहिता आले असते, कारण तो ४३ हा आकडा नोंदवहीत होताच.

सेटिंगमध्ये खोलवर ‘संशोधनासाठी योगदान’ अशी एक कळ आहे. ती मुळात बंद असते, ही चांगली गोष्ट. सुरू केल्यास नाव, पत्ता आणि फोन क्रमांक वगळून नोंदी संशोधकांना दिल्या जातात. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा विभागक्रमांक तेवढा राहतो. माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकी अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तत्कालीन गव्हर्नरांची रुग्णालयातील नोंद, नाव काढून टाकलेल्या माहितीतून आणि मतदारयादीच्या साह्याने, शोधून दाखविली होती. आणि २००० मध्ये त्यांनी असा अंदाज मांडला की अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक याच तीन गोष्टींवरून ओळखू येण्याची शक्यता आहे. हे सर्वज्ञात असताना आजही नेमक्या त्याच तीन गोष्टी ठेवल्या जाव्यात, याचे आश्चर्य वाटते. माहिती फोनवरच ठेवून गणितच फोनपर्यंत आणायचे आणि निष्कर्षाचा अंशच बाहेर पाठवायचा, ही नवी पद्धत ‘लवकरच’ येणार असल्याचे ॲप सांगते. ती आली की मी योगदान देईन. तोपर्यंत कळ बंदच ठेवणार आहे.

शेवटची परीक्षा बाहेर पडण्याची. सेवा बंद पडतात, मोठ्यांच्याही पडतात. गूगल हेल्थ ही सेवा २०१२ च्या आरंभी बंद झाली आणि मायक्रोसॉफ्टची हेल्थव्हॉल्ट २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. २०२५ च्या मार्चमध्ये जनुकीय तपासणी करणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. म्हणून मी ‘सर्व नोंदी बाहेर काढा’ हे बटण दाबून पाहिले. पंचवीस मिनिटांत एक फाइल आली. तपासण्या, औषधे, लसी, अगदी ते वाकडे छायाचित्रही त्यात होते, आणि सगळे मानक रूपात असल्यामुळे दुसऱ्या ॲपने ते निमूटपणे स्वीकारले. आली नव्हती ती फक्त नोंदवही. कंपनीला विचारले, तर ‘वापराच्या नोंदी या सेवेचा अंतर्गत भाग आहेत’ असे उत्तर मिळाले.

पाचपैकी साडेतीन तारे देते. अर्धा तारा त्या अंतर्गत भागापायी कापला आहे आणि एक त्या हिरव्या शिक्क्यापायी. वडिलांचे आणि माझे खाते चालू ठेवले आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी नोंदवही उघडते, एकेक पान सरकवीत पडद्याची छायाचित्रे काढते आणि ती बाहेर काढलेल्या फाइलशेजारी ठेवून देते; गेल्या वेळी एकोणीस झाली.